स. न. वि. वि., धमनीबाई

प्रति,
सुपीरिअर सेरेबेलर धमनीबाई,
मुक्काम: मेंदूच्या बुंध्याशेजारी, उजवी बाजू.

स. न. वि. वि.

तुमची-आमची ओळख एमआरआयमुळे झाली. डॉक्टरांनी पडद्यावर पेनाचं टोक टेकवून दाखवलं: ही सरळ रेघ म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी पाचवी नस, ट्रायजेमिनल. आणि तिच्यावर आरामात रेललेला हा वळसा म्हणजे तुम्ही. बायको माझी, नस तिची, आणि बैठक तुमची!

तुमचं नेमून दिलेलं काम लहान मेंदूला रक्त पोचवायचं. ते तुम्ही चोख करता, तक्रार नाही. पण वयानं धमन्या लांबतात, सैल पडतात, तशा तुम्हीही पडलात आणि हृदयाच्या दर ठोक्याला शेजारणीला कोपर मारत बसलात. नसेवरचं मायलिनचं आवरण झिजलं. आता गालावरून वाऱ्याची झुळूक गेली तरी मेंदूला निरोप जातो तो विजेच्या झटक्याचा. तुमच्यासारख्या कित्येक धमन्या कित्येकांच्या डोक्यात याच नसेला टेकून मुकाट वाहतात. त्या माणसांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. तुम्हालाच एवढा उत्साह का, हे शास्त्रालाही नीट सांगता आलेलं नाही.

तुमची खरी हुशारी पुढेच आहे. गुन्हा तुम्ही केलात आणि अटक झाली दाढेला. कळ उठायची ती बरोबर वरच्या दाढेत. आधी रूट कॅनाल, मग ती दाढ काढली, मग शेजारचीही. दाढा गेल्या, कळ जागेवर. दंतवैद्याला तरी काय बोलणार? पेशंट स्वतःच बोट ठेवून सांगत होती, इथंच दुखतंय. तोवर नातेवाइकांनी लवंग धरून पाहिली, ‘वारं बसलंय’ म्हणून कानाला मफलर गुंडाळायला लावला, आणि शेवटी फोनवर हळू आवाजात मला विचारलं, ‘वहिनी टेन्शन फार घेतात का हो?’ निदान झाल्यावर मात्र आमचा भाव वधारला. सलमान खाननं 2011मध्ये हाच आजार असल्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळे सोसायटीत आता ‘सलमानवाला आजार’ म्हणून आम्हाला लिफ्टमध्ये आधी जाऊ देतात.

घरातले तुमचे पराक्रम सांगतो. मे महिन्यात, डोंबिवलीत, आमचा पंखा बंद. पुतणीच्या लग्नात नथ घालताना नाकपुडीला तिची तार लागली आणि वधूपक्षाची काकू खोलीचं दार लावून बसली. सकाळी दात घासायच्या आधी ती दोन्ही हातांनी बेसिनची कड धरते, मग ब्रश उचलते. जेवताना मऊ भाताचा घास तोंडाशी नेते आणि हात तिथंच थांबतो. उजवा डोळा गच्च मिटतो, तोंडून आवाज नाही. काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं. अशा वेळी मी काय करतो? टीव्ही बंद करतो आणि तिला हात न लावता समोर बसून राहतो. नवऱ्याकडून याहून मोठ्या शौर्याची तुम्ही संधी ठेवलेली नाही.

मग गोळ्या. कार्बामाझेपीन, मूळची फिट्सची गोळी, पण या नसेवर चालते. चाललीसुद्धा. डोस वाढत गेला तशी गुंगी वाढली, रक्तातलं सोडियम घसरलं, टीव्हीचा रिमोट फ्रीजमध्ये सापडला आणि आम्ही वॉर्डात दाखल झालो. गोळ्या झेपेनात, म्हणून ऑपरेशन ठरलं.

हॉस्पिटलात दर पाळीला नवी सिस्टर येते आणि प्रेमानं विचारते, ‘आजी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?’ आता गंमत बघा. कळ येते तेव्हा हिला बोलता येत नाही, आणि बोलता येतं तेव्हा कळ नसते. तक्त्यावर शून्य! इन्शुरन्सवाल्यांना तेच शून्य फार आवडलं. इतकं शून्य दुखत असताना ऑपरेशन कशाला, असं त्यांनी लेखी विचारलं. शेवटी मी झटक्यांच्या वेळा वहीत लिहायला लागलो आणि राउंडला डॉक्टरांपुढे वही धरायला लागलो. खाटेच्या वर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: ‘उजवा गाल. हात लावू नये.’ एसीच्या झोताखालची खाट वॉर्डबॉय मामांकडून हलवून घेतली. ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की धावायचं, ही माझी सध्याची नोकरी. पेन्शन वेगळी.

मधल्या वेळात तुमची जुनी कागदपत्रं चाळली. या दुखण्याला एका फ्रेंच शल्यवैद्यानं 1756मध्ये नाव दिलं, पण तुमच्यावर संशय यायला विसावं शतक उजाडलं. 1930च्या दशकात वॉल्टर डँडी या सर्जनना तुम्ही नसेला खेटलेल्या दिसलात. त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1960च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकातून तुम्हाला बाजूला करण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली, तेव्हाही ज्येष्ठ मंडळींनी नाकं मुरडलीच. जामिनावर बराच काळ काढलात, बाई.

उद्या सकाळी तुमच्याकडे पाहुणे येतायत. कानामागे नाण्याएवढी खिडकी पाडून येतील. तुम्हाला कापणार नाहीत, काळजी नको. तुमच्यावाचून लहान मेंदूचं चालत नाही, याचा तुम्ही पुरेपूर फायदा घेतलाय. तुम्हाला नुसतं उचलून नसेच्या आणि तुमच्या मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतील. डोशाच्या तव्याला असतं तेच टेफ्लॉन.

संमतिपत्रावर मी सही केली. ऐकू कमी येऊ शकतं, गाल बधिर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, दुखणं पुन्हा उलटू शकतं. डॉक्टरांनी एकेक ओळ वाचून दाखवली. तुमच्यावर विनोद करायचं त्या वेळी काही सुचलं नाही. हिनं बोलायचं टाळून मोबाइलवर टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली: ‘सही नीट करा, मागं बँकेनं चेक परत पाठवला होता.’

तेव्हा उद्या सर्जन सांगतील तसं जरा सरकून घ्या. डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी बायका भांडून का होईना, सरकतात.

कळावे,
पेशंटचे नातेवाईक