आनंद समन्वयक, भामरागड

भामरागडला बदली झाली की लोक अभिनंदनाला येत नाहीत, भेटायला येतात. माझे सासरे आले, पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोणाशी वाकडं घेतलंत?" मी मनातल्या मनात यादी काढली. बरीच लांब निघाली. सासूबाईंनी मच्छरदाणी आणली होती. एकटी बायको तेवढी शासन निर्णय वाचत बसली होती. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात नेमणूक झाली की एकस्तर मिळतो, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी, हा २००२ चा निर्णय तिला पानासकट सापडला. "म्हणजे पगार वाढणार?" असं तिनं ज्या सुरात विचारलं, त्या सुरानं घरातली दुःखाची वाटणी तिथंच बिघडली.

गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आलापल्ली सुटली की पुढचे पासष्टेक किलोमीटर जंगल. मग हेमलकसा, पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल आणि पलीकडे भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथं एकत्र येतात आणि पलीकडचा काठ छत्तीसगडचा. जागा इतकी देखणी की पर्यटक म्हणून आलो असतो तर कविता केली असती. कर्मचारी म्हणून आलो, त्यामुळे बदलीचा अर्ज केला.

आमच्या कार्यालयात (कोणतं ते सांगत नाही, पेन्शन अजून सुरू व्हायची आहे) प्रत्येकाची एक बॅग कायम भरलेली असे. अर्धे लोक अहेरी-आलापल्लीहून अप-डाऊन करत, उरलेले मनानं. "तुमची फाइल कुठवर आली?" असं कोणी विचारलं तर ती जनतेच्या कामाची फाइल नसे, बदलीची असे. दुसऱ्याचं काम टाळणं हा आळस नव्हे, तत्त्व होतं. आज इथलं काम नीट केलं तर साहेब उद्या सोडणार नाहीत, अशी सर्वांची पक्की समजूत.

या वातावरणात मी जी भर घातली ती उसाशाची. मस्टरवर सही करून खुर्चीत बसताना मी एक खोल उसासा टाकायचो. पुढे पुढे तो ऐकून शिपाईभाऊ चहाचं आधण ठेवू लागले. ब्रह्मपुरीहून एक तरुण कनिष्ठ सहायक रुजू झाला होता. येताना शीळ घालत आला, आल्या दिवशी स्वतःहून आवक-जावक वही मागून घेतली. माझ्या समोरच्या टेबलावर बसला आणि दिवाळीपर्यंत माझ्याहून सरस उसासा टाकू लागला. शेवटी एक बारीकसा "हं..." लावायचा, तो त्याचा स्वतःचा. मला गुरुदक्षिणा मिळाल्यासारखं वाटलं.

अशात वरून पत्र आलं. मध्य प्रदेशानं २०१६ साली आनंद विभागच काढला होता, त्याचं वारं बहुधा आमच्या वरिष्ठांपर्यंत पोचलं असावं. कर्मचारी आनंदी राहावेत म्हणून प्रत्येक कार्यालयात एक आनंद समन्वयक नेमावा, असा आदेश. साहेबांनी बैठक बोलावली त्या दिवशी मी दाढदुखीच्या रजेवर होतो. आमच्याकडे गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमतानं होते.

प्रशिक्षणाला गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यानं पिट्सबर्ग भागातल्या दोनशेवर अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं, कामावर तुम्ही कधी खूश होता आणि कधी वैतागता. १९५९ साली पुस्तक लिहिलं. पगार, खोली, साहेबाचा स्वभाव, नियम या गोष्टी कमी पडल्या की माणूस कुरकुरतो, पण पुऱ्या पडल्या म्हणून खूश होत नाही. खुशी येते ती कामातून, हातून काहीतरी झालं या जाणिवेतून. सगळे माना डोलवत होते. मी वहीत एकच शब्द लिहिला : पंखा. आमचा बंद होता.

परत येऊन मी तीन उपक्रम हाती घेतले. पहिला सूचनापेटी. पंधरवड्यानंतर उघडली तर आत कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं. इमारतीत वेळेत पूर्ण झालेलं ते एकमेव बांधकाम. खाली एक चिठ्ठीही निघाली : "पेटीला कुलूप लावू नये, किल्ली साहेबांकडं आहे."

दुसरा समाधान सर्वेक्षणाचा. एक ते पाच गुण द्यायचे. नाखूश लोकांची आधी बदली होणार अशी कुणकुण लागली आणि सगळ्यांनी एकावर खूण केली. दुपारी दुसरी बातमी आली, नाखूश निघाला त्याचा एकस्तर जाणार. चहा संपायच्या आत सगळे फॉर्म परत मागायला आले. खोडरबर एकच होतं. रांगेत पहिला मी.

तिसरा हास्ययोग. सकाळी कार्यालयासमोर गोल करून हात वर, "हो हो, हा हा." दाखल्यासाठी लांबच्या गावाहून पायी आलेली माडिया मंडळी पायरीशी बसलेली. एका म्हाताऱ्या बाबांनी शिपाईभाऊंना माडियात काहीतरी विचारलं. भाऊंनी उत्तर दिलं आणि पायरीवर जे हसू फुटलं ते आमच्या गोलापेक्षा कितीतरी अस्सल होतं. मी विचारलं, काय म्हणाले?

"साहेबलोकायले काय झालं, म्हणत होते जी."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"वरून आदेश हाये, म्हटलं."

दुसऱ्या दिवशी बाबा नातवंडांना घेऊन आले. दाखला आदल्या दिवशीच मिळाला होता.

एका रविवारी मी हेमलकशाला गेलो, पुलापलीकडे तीनेक किलोमीटरवर. आनंद समन्वयक म्हणून माझा अभ्यासदौराच तो. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला तिथं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत राहिले, वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया केल्या. सुरुवातीला रोगीही येईनात, माणसं घाबरून लांब पळत. सोबत आलेले कार्यकर्ते वर्षांमागून वर्षं तिथंच राहिले. विलास मनोहरांनी तर तिथल्या प्राण्यांवर 'नेगल' लिहिलं. दाखल्याच्या रांगेतली आमची माणसं आणि दवाखान्याच्या रांगेतली त्यांची माणसं एकच. पाऊस तोच, डास तेच. मी भिंतीवर सूचनापेटी कुठं लावली आहे ते शोधत होतो. नव्हती. मी वहीत लिहिलं, "या संस्थेत आनंद उपक्रमांचा अभाव." तो अहवाल मी खरोखर पाठवला.

मग २०१९ चा पावसाळा आला. त्या वर्षी पर्लकोटेचा पूल पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेला आणि गाव पुन्हा पुन्हा तुटलं. एका खेपेला पाणी बाजारपेठेत शिरलं. अप-डाऊनवाले पलीकडे अडकले, साहेब बैठकीला गेलेले. अलीकडे उरलो मी, लेखापाल ताई, शिपाईभाऊ आणि शीळवाला पोरगा. वीज गेली, मग मोबाइलचा टॉवर गेला. माहिती तात्काळ सादर करा, असं म्हणणारं जगात कोणी उरलं नाही.

माणसं उंचावरच्या इमारतींमध्ये हलवली होती. आम्ही याद्या करायला बसलो : कोणाचं घर, किती माणसं, कोणाला ताप, कोणाची गरोदर सून. माझी पँट भिजली म्हणून कोणाची तरी लुंगी गुंडाळली होती. त्या अवतारात मला लोकांनी स्वयंपाकी समजलं आणि मी सहायकाच्या हाती यादी देऊन भात वाढू लागलो. ताईंनी हिशेब कोळशानं भिंतीवर लिहिला. टिपणी नाही, मान्यता नाही, "कृपया चर्चा करावी" नाही. शिपाईभाऊ माडियात विचारत, पोरगा लिहीत असे, आणि तो शीळ घालत होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. संध्याकाळी भाऊ काळजीनं माझ्याजवळ आले.

"साहेब, तब्येत बरी हाय न जी?"

"का हो?"

"नाही, आज तुमी उसासा नाही टाकला. मले चहाची येळच समजली नाही."

पाणी ओसरलं, पूल उघडा पडला आणि पहिल्या गाडीनं वरिष्ठ कार्यालयाचं स्मरणपत्र आलं : आनंद उपक्रमांचा अहवाल छायाचित्रांसह का पाठवला नाही? पुराच्या दिवसांतलं एकही छायाचित्र नव्हतं, सगळ्यांचे मोबाइल मेलेले. होतं ते हास्ययोगाचं. तेच पाठवलं. पायरीवर मनापासून हसणारे बाबा त्यात स्पष्ट आले होते, आम्ही जरा धूसर. उत्कृष्ट समन्वयक म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. शेरा होता, "नागरिकांचाही उत्स्फूर्त सहभाग."

कार्यालयानं पेढे मागितले. भामरागडात पेढे न मिळाल्यानं मी आलापल्लीहून सोनपापडी मागवली आणि उपक्रमाचा खर्च म्हणून बिल सादर केलं. लेखापाल ताईंनी, ज्यांनी पुरात भिंतीवर कोळशानं हिशेब ठेवला होता त्याच ताईंनी, दोन सोनपापड्या खाल्ल्या आणि बिलावर लाल शाईनं लिहिलं : "सदर बाब या लेखाशीर्षात बसत नाही. संबंधितांकडून वसूल करावे."

संबंधित मीच होतो. मी उसासा टाकला आणि आतून भाऊंनी आधण ठेवल्याचा आवाज आला.