बेफिकिरीचा बंदोबस्त

निष्काळजी दिसण्यासाठी केवढी काळजी घ्यावी लागते, याचा पुरावा कुणास हवा असेल, तर त्याने १९४२ साली रॉबर्ट ई. स्मिथ यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी रेखिलेला ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा इंग्रजी टाइप अवश्य न्याहाळावा. उजवीकडे झुकलेली आणि ओळीशी काटेकोर इमान न राखता किंचित वरखाली होणारी ती अक्षरे पाहिली, म्हणजे कुणा खुशालचेंडू पेंटरने गप्पांच्या ओघात कुंचला फिरवून ती पाटीवर उतरवली असावीत, असाच कोणाचाही ग्रह व्हावा. वस्तुतः ती शिशाच्या खिळ्यांत ओतलेली असत. शेजारी कोणतेही अक्षर येवो, प्रत्येक लहान अक्षराच्या शेपटाने त्यास नेमक्या ठरल्या उंचीवरच गाठावे, असा करार सव्वीसही अक्षरांवर बंधनकारक असे, आणि जुळाऱ्याच्या हातून त्या सांध्यात केसभर फट राहिली, तरी सारा बेफिकीर रुबाब तिथल्या तिथे उघडा पडे. शिवाय हाताने लिहिणाऱ्याचे एक अक्षर दुसऱ्यांदा हुबेहूब तसेच उतरत नाही. येथे मात्र प्रत्येक लहर अस्सलबरहुकूम नक्कल होऊन येते.

फ्रान्समध्ये रॉजे एक्स्कोफों यांनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ हा टाइप सिद्ध केला; त्यातील सांधे इतके बेमालूम आहेत, की खिळ्यांची शंकाही येऊ नये. आमचे कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींची शीर्षके हाताने रेखीत, तेव्हा नाटकागणिक अक्षराचा स्वभाव पालटत असे. ओतीव टाइपाला ही मुभा नाही, जन्मतः जी वृत्ती लाभली तीच त्याने आमरण पाळावयाची.

ब्रश स्क्रिप्टची वृत्ती जात्याच प्रसन्न आहे. उपाहारगृहाचे पदार्थपत्रक, शुभेच्छापत्र, सवलतीच्या विक्रीची जाहिरात, येथवर तिचा अंमल निर्वेध चालतो. परंतु संगणकाच्या कृपेने हा टाइप ज्याच्या-त्याच्या हाती आला, आणि आमच्या सोसायटीच्या चिटणिसांनी थकबाकीची अखेरची इंग्रजी नोटीस, कायदेशीर कारवाईच्या धमकीसकट, याच अक्षरांत, तीही सगळी मोठ्या लिपीत छापून जिन्यापाशी डकवली. या टाइपातले मोठे अक्षर शब्दाच्या आरंभी एकट्याने मिरवण्यासाठी घडविलेले असते, शेजाऱ्याचा हात धरणे त्यास ठाऊकच नसते. सबब ती नोटीस म्हणजे एकही वऱ्हाडी नसलेला आणि सगळेच वरबाप जमलेला मांडव दिसत होता. चिटणिसांकडे मी रीतसर तक्रार गुदरली, तेव्हा ते अत्यंत शांतपणे म्हणाले, “अहो, मजकूर कडक आहे ना, म्हणून अक्षर जरा हसरं घेतलं.”

थकबाकी अद्याप वसूल झालेली नाही. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मात्र कार्यक्रम किती वाजता आहे आणि जेवण आहे की नुसता अल्पोपाहार, याची चौकशी करून गेले.