आमचं मत फायरफॉक्सला

माणसाला कशाकशाविषयी मत असावं याला काही धरबंध हवा, हे मला तत्त्वतः मान्य आहे. राजकारणाविषयी असावं, क्रिकेटविषयी असावंच, दुसऱ्याच्या घरच्या आमटीविषयी असू नये. पण ब्राउझरविषयी? माझं आहे. आणि ते कुणी विचारेपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्याकडे नाही.

मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. संगणकाशी माझा व्यावसायिक संबंध इतकाच, की तो बंद पडला की मी चहाला जातो आणि खालच्या मजल्यावरचा एक मिसरूड फुटलेला मुलगा येऊन तो चालू करतो. त्या मुलापुढे मी माझी मतं मांडत नाही, कारण तो हसतो. पण नातेवाइकांत, सोसायटीत आणि विशेषतः बायकोच्या माहेरी मी 'त्यातला माहीतगार' समजला जातो. हा लौकिक मी एका वाक्यावर कमावलेला आहे. कुणी लॅपटॉप उघडून काही शोधायला लागलं, की मी मागून वाकून बघतो, अर्धा श्वास सोडतो आणि म्हणतो, "क्रोम का? असू दे, असू दे. मी आपला फायरफॉक्स वापरतो." बस्स. समोरचा खजील होतो. आपल्या हातून नेमकं काय पाप घडलं ते त्याला कळत नाही, आणि खोलात जाऊन विचारलंच तर मलाही फार वेळ सांगता येणार नाही. पण तशी वेळ येत नाही. स्वर सात्त्विक लागला पाहिजे, की काम झालं.

मोबाइलचं त्याहून सोपं. "कुठला घेऊ?" असं विचारणाऱ्याने तो बहुधा आधीच घेतलेला असतो, त्याला फक्त कुणीतरी मान डोलवायला हवं असतं. मी विचारतो, "रॅम किती?" तो आकडा सांगतो. त्या आकड्याने मला काहीही बोध होत नाही, पण मी क्षणभर छताकडे बघतो आणि म्हणतो, "चालेल." 'छान' म्हणायचं नाही. छान म्हटलं की माणूस दुकानदार वाटतो. चालेल म्हटलं की जाणकार.

माझ्या या साम्राज्याला एकच शत्रू आहे. माझे साडू. ते आयफोनवाले. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना त्यांनी फोन पुढे सरकवला आणि म्हणाले, "आम्ही ते सफारी-बिफारी वापरत नाही. क्रोम टाकून घेतलंय." मी या वाक्याची जन्मभर वाट बघत होतो. म्हटलं, "अहो, आयफोनवर ॲपलचा दंडकच आहे. वरचं नाव कुणाचंही लावा, क्रोम लावा नाहीतर फायरफॉक्स, आतलं इंजिन वेबकिटच, म्हणजे सफारीचंच. २०२४ मध्ये युरोपातल्या कायद्यामुळे त्यांना तिथे सूट द्यावी लागली, पण तुम्ही पडलात डोंबिवलीचे."

साडूंनी चकलीचा तुकडा मोडला. फोनवर काहीतरी टाइप केलं. मग शांतपणे म्हणाले, "तुमचा फायरफॉक्स काढणाऱ्या त्या मोझिलाला पैसे कोण देतं हो?"

मी गप्प.

"गूगल देतं. फायरफॉक्समध्ये शोधायला आपसूक गूगल यावं म्हणून. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तोच आहे म्हणे. म्हणजे तुमच्या बंडाचा पगार बादशहाच्याच तिजोरीतून होतो." आणि ही माहिती त्यांनी काढली होती गूगलवर, क्रोममधून, सफारीच्या इंजिनावर. मी अख्खा अनारसा तोंडात घातला. अनारसा तोंडात असताना माणसाला उत्तर देता येत नाही, हा त्या पदार्थाचा एक दुर्लक्षित गुण आहे.

पण विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगूनच टाकतो. ही गोष्ट मी सुरू केली की बायको उठून आत कुकर लावते, आणि तिचा अनुभव असा, की तिसऱ्या शिट्टीपर्यंत माझं संपत नाही.

कुठलाही ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाच्या दारात गेला, की आधी आपली ओळख सांगतो. आपल्याला ती दिसत नाही, ती त्यांची आपापसातली बोलणी. १९९४ साली नेटस्केप आला. कंपनीत त्याचं घरचं नाव मोझिला, आणि दारात तो तेच सांगायचा. त्याला नव्या नव्या करामती यायच्या, पानाच्या चौकटी पाडून दाखवता यायच्या. म्हणून संकेतस्थळांनी दारात रखवालदार बसवले: मोझिला आला तर सजवलेलं पान द्या, दुसरा कुणी आला तर साधं. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. अंगात गुण आले तरी रखवालदार ऐकेना. मग त्याने सरळ सांगायला सुरुवात केली, "मी मोझिला." आणि पुढे कंसात, खालच्या आवाजात, खरं नाव.

पुढे या कंसातल्या नाववाल्याने मोझिलालाच खाल्लं. एकविसावं शतक उजाडल्यावर काही वर्षं तर जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एक्सप्लोररच वापरत होते. नेटस्केपने जाता जाता, १९९८ मध्ये, आपला सगळा कोड जगाला मोकळा करून दिला. त्यातून २००४ साली आमचा फायरफॉक्स निघाला. (इथे मी थोडा थांबतो. कुणी काही म्हणत नाही.) त्याच्या इंजिनाचं नाव गेको, आणि ते त्याच्याही आधीचं. तेव्हापासूनच रखवालदार गेको शोधू लागले होते. तिकडे लिनक्सवाल्यांचा एक कॉन्करर म्हणून ब्राउझर होता, त्याचं इंजिन केएचटीएमएल. तो दारात म्हणू लागला, "मी मोझिला, केएचटीएमएल, गेकोसारखाच." ॲपलने ते इंजिन उचललं, त्याचं वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी काढला. सफारी म्हणू लागला, "मी मोझिला, ॲपल वेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखाच, सफारी." २००८ मध्ये गूगलने वेबकिट घेऊन क्रोम काढला. क्रोमने हे सगळं तोंडपाठ म्हणून मध्ये आपलं नाव घुसवलं. आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं इंजिन मोडीत काढून क्रोमच्याच सांगाड्यावर नवा एज उभा केला, तेव्हा ती ओळख अशी झाली: मोझिला, ॲपल वेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी आणि सर्वांत शेवटी एज. त्यातही जुन्या एजशी गल्लत नको म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ई गाळून.

लग्नाच्या पंगतीत एखादे अनोळखी गृहस्थ तिसरी जिलबी वाढून घेताना दिसतात. आपण विचारतो, "आपण कुणाकडचे?" ते म्हणतात, "मुलाकडचे." आणि खोदत गेलं तर निघतं, की मुलाच्या मामांच्या जुन्या घरमालकांच्या मेहुण्यांबरोबर ते आलेत, पण पंगतीत मात्र सगळ्यांच्या आधी बसलेत. हे ते. फरक इतकाच, की इथे अख्खी पंगतच तसल्यांची आहे, आणि ज्याच्या नावावर सगळे जेवताहेत तो नेटस्केप २००८ सालीच वारला.

एक्सप्लोररही गेला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा पाठिंबा थांबवला. दक्षिण कोरियातल्या ग्योंगजू शहरात एका इंजिनिअरने आपल्या भावाच्या कॅफेच्या गच्चीवर त्याची खरीखुरी दगडी समाधी उभारली, आणि वर कोरलं काय, तर दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हा फार उपयोगी होता. आपल्याकडे समाधी कुणी बांधली नाही. आपल्याकडे तो मेल्याचंच कितीतरी संकेतस्थळांना कुणी कळवलं नाही. 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते' ही पाटी ती तळाशी लावून बसलीच होती.

तर सांगायचं काय, क्रोम, एज, ओपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, कुणालाही आपलं म्हणा, आत क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच सांगाडा. भांडायचं ते फक्त वरच्या रंगावरून.

तिसरी शिट्टी झाली.

माझी मतं जिच्यावर चालत नाहीत अशी दुसरी व्यक्ती म्हणजे माझी आत्या. वाईला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आता ऐंशीला टेकलीय. फोन तिने स्वतः शिकून घेतला, आणि शिकली ती तिच्या पद्धतीने: दोनशे पानी वही, समास आखलेला, वर विषय, खाली कृती. 'पासबुक पाहणे' या धड्याची मी वाचलेली कृती अशी:

"१. निळ्या चौकोनावर बोट टेकवणे. दाबून धरू नये, फोन थरथरतो. २. वर उजव्या हाताला तीन टिंबे. ३. चाक फिरेल. फिरू द्यावे, मध्ये काही करू नये. ४. रक्कम दिसेल. ती वाचून झाली तरी बाहेर पडल्याशिवाय चष्मा काढू नये."

यात एक शब्द कमी करता येणार नाही आणि एक वाढवता येणार नाही. माझ्या कंपनीतली सूचनापत्रकं लिहायला या बाईला बसवलं असतं तर निम्मे दावे कज्ज्याविना मिटले असते.

एके दिवशी सकाळी तिचा फोन. "अरे, टिंबं गेली."

"कसली टिंबं? आत्या, आधी मला सांग, ब्राउझर कुठला आहे?"

"ब्राउझर नाही, बँकेचं आहे."

"हो, पण तू जर क्रोम वापरत असशील ना, तर मी तर म्हणेन..."

"तू फायरफॉक्स वापरतोस. मुंजीत सांगितलंस, बारशाला सांगितलंस. टिंबं कुठे गेली ते सांग."

टिंबं रात्रीतून गेली होती. ॲप आपलं आपण अद्ययावत झालं होतं. निळा चौकोन जांभळा झाला होता, वरच्या उजव्या टिंबांच्या जागी खाली डावीकडे तीन आडव्या रेघा आल्या होत्या. काय बदललं याचा खुलासा मी शोधून काढला. एक ओळ होती: किरकोळ दोष दूर केले, कामगिरी सुधारली. आत्याची दोनशे पानी वही हा त्यांच्या लेखी किरकोळ दोष असावा.

"आमच्या वेळी चौथीचं पुस्तक बदलायचं झालं," आत्या म्हणाली, "तर आधी परिपत्रक यायचं. मग आम्हाला प्रशिक्षणाला बोलवायचे, मग जूनला पुस्तक. ह्यांचं परिपत्रक कुठे येतं रे?"

मी रेघांची जागा सांगितली. तिने ती शोधली, पासबुक बघितलं, आणि मग जरा थांबून म्हणाली, "मलाच आता जमत नाही बहुतेक."

हे मला झोंबलं. ही बाई जनगणनेला वाड्यावस्त्यांवर पायी फिरलीय. निवडणुकीत मतपेटी राखत रात्रभर शाळेच्या बाकावर बसलीय. सातवीपर्यंतची शाळा तिने गळक्या कौलांखाली चालवली आणि कधी 'मला जमत नाही' म्हटल्याचं घरात कुणाला आठवत नाही. ते तिने ऐंशीव्या वर्षी म्हणायचं, आणि कशापायी, तर कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत कुणाला तरी टिंबांपेक्षा रेघा देखण्या वाटल्या. कुणाचं बोट कुठे कितीदा टेकलं याचा हिशेब या लोकांकडे असतो. बोटामागे वही असते हे त्या हिशेबात येत नाही. घरातलं दार रात्रीतून दुसऱ्या भिंतीत हलवलं तर आपण गवंड्याला धरून विचारू. इथे आपण स्वतःलाच विचारतो, की मला दार कसं सापडत नाही?

आणि यात कुणी सोवळं नाही. २०१७ साली आमच्या फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती निघाली, त्या दिवशी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेली जुन्या पद्धतीची ॲड-ऑन एका झटक्यात बाद झाली. मी तेव्हा सोसायटीच्या जिन्यात उभा राहून तिचं समर्थन केलं होतं. "वेगासाठी किंमत मोजावी लागते," असं म्हणालो होतो. ऐकणारे गृहस्थ गॅस सिलिंडरची वाट बघत उभे होते.

आत्या मात्र हातावर हात धरून बसली नाही. तिने वहीची नवी आवृत्ती काढली. आता कृती फक्त उजव्या पानावर; डावं पान कोरं, 'पुढील बदलांसाठी'. बदल झाला की लाल शाईने तारीख आणि नवी जागा. आळीतल्या निवृत्त बायका चारच्या चहाला आपापले फोन घेऊन तिच्याकडे येतात, त्यांच्यासाठी तिने झेरॉक्स काढल्या. एकीने कृती मोठ्याने वाचायची, दुसरीने बोट टेकवायचं, चुकलं तर परत पहिल्यापासून. कुणाच्या फोनवर काही हललं, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डाव्या पानावर नोंद. थोडक्यात, परिपत्रक आता वाईहून निघतं.

या आवृत्तीला प्रस्तावना मी लिहावी असं तिने सुचवलं. म्हणजे मीच सुचवलं, तिने नाही म्हटलं नाही. वहीत चिकटवायची म्हणून हाताने लिहून मागितली. मी दोन पानं लिहिली: नेटस्केप, मोझिला, गेको, कोरियातली समाधी, क्रोमियमचा पसारा, आणि शेवटी, कुणावर दबाव न आणता, फायरफॉक्सविषयी चार शब्द.

आठवड्याने व्हॉट्सॲपवर तिने माझ्या पानांचा फोटो पाठवला. दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरकी लाल रेघ. समासात 'परीक्षेला नाही'. खाली सही, तारीख, आणि 'अक्षर सुधारावे'.