पहिल्या रांगेतलं ‘क्या बात है’

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत सगळ्यात कसदार अभिनय पहिल्या रांगेत चालतो. तिथे शहरातले इतर गवई बसलेले असतात. मंचावरचा गवई समेवर यायच्या आधीच यांचे हात हवेत, माना तिरक्या आणि ‘क्या बात है’ची सरबत्ती सुरू. मध्यंतर झालं की हीच मंडळी बटाटेवड्याच्या स्टॉलपाशी जमतात आणि मग खरी समीक्षा बाहेर पडते. षड्ज शेवटपर्यंत लागलाच नाही. मारव्यात पूरिया डोकावत होता. द्रुतात लय एवढी चढली की तबलजीला धाप लागली.

दुःख असं की यातलं बहुतेक सगळं बरोबर असतं. या लोकांचे कान तयार आहेत, उगाच बोलत नाहीत ते. पण मैफल संपते, ग्रीनरूमचं दार उघडतं आणि तोच माणूस आत शिरून म्हणतो, ‘बुवा, आज काय लागला होता आवाज!’ म्हणजे पूरिया डोकावल्याचं वडेवाल्याला कळलं, पार्किंगवाल्याला कळलं. ज्याच्या मारव्यात डोकावला तो तेवढा अंधारात.

फारच सभ्य माणूस असेल तर तो सांकेतिक भाषेत बोलतो. ‘मेहनत खूप आहे हो’ म्हणजे गाणं नाही. ‘तालीम दिसते’ म्हणजे झोप आली. आणि ‘वेगळा विचार आहे’ असं कुणी म्हणालं, तर समजा की त्यानं घरी जाऊन बायकोसमोर नक्कल करून दाखवली.

हे असं का, याचं उत्तर संगीतशास्त्रात नाही, वेळापत्रकात आहे. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हा त्यामागे निष्ठा होती. आज ज्याला त्याला आपापल्या गुरूच्या पुण्यतिथीचा महोत्सव हवा असतो. तू मला तुझ्या पुण्यतिथीला बोलव, मी तुला माझ्या. (म्हणजे गुरूच्या. ज्याची त्याची व्हायची आहे अजून.) याला कलाकारांचं परस्पर सहकार्य म्हणतात. अशा गड्याला ‘तुझा तानपुरा उतरला होता’ असं सांगायचं म्हणजे जानेवारीतली एक तारीख घालवायची. त्यापेक्षा तानपुरा उतरलेला परवडतो.

बरं, बाहेरून सांगणारंही आता फारसं कुणी उरलेलं नाही. वर्तमानपत्रातली गाण्याच्या परीक्षणाची जागा आटली. आता छापून येते ती आयोजकांनीच पाठवलेली बातमी. तिच्यात रसिक मंत्रमुग्ध होतात आणि उत्तरोत्तर रंगत वाढते. ‘पहिला अर्धा तास आवाज सापडेना’ असं वाक्य त्या बातमीत येईल कसं? ती तर आदल्या दिवशीच टाइप झालेली असते.

जुना काळ सोन्याचा होता असं सांगायला मी बसलेलो नाही. तेव्हाही उस्ताद चिजा दडवून ठेवत आणि दुसऱ्या घराण्याचं गाणं ऐकलं तर कान बिघडतात, असं शिष्यांच्या मनावर ठसवत. पण त्याच वातावरणात भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, तिन्ही एकाच गळ्यात. मोगूबाई कुर्डीकर स्वतः अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. तरी त्यांनी आपल्या मुलीला, किशोरीला, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकायला पाठवलं. माझ्याकडे नाही ते तुझ्याकडे आहे, हे दुसऱ्या कलाकाराला इतक्या चोख रीतीनं कुणी क्वचितच सांगितलं असेल. आज एखाद्या गुरूला विचारून पाहा, शिष्येला सहा महिने पलीकडच्या गल्लीतल्या बाईंकडे पाठवता का? गंडा सोडवूनच हातात देतील.

आणि स्पर्धेचंच म्हणाल, तर बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्याइतकी चुरस कुणाची होती? दोघांच्या दोन कंपन्या, दोघांचे पंखे वेगळे आणि ते भांडायला कायम तयार. तरी 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं मुंबईत एकाच रंगमंचावर उभे राहिले. गंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. ते ‘संयुक्त मानापमान’ लोक शंभर वर्षांनंतरही सांगतात. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले, म्हणजे ती संधी हुकली असती तर हुकलीच होती. आपल्याकडे दोन गवयांना एका मंचावर आणायचं म्हटलं तर आधी पत्रिकेत कुणाचं नाव वर, यावर फोन होतात आणि शेवटी गोल पत्रिका छापावी लागते.

टीकेचंही तसंच. वामनराव देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, गाणं मोगूबाईंकडे शिकलेले. 1961 साली त्यांनी ‘घरंदाज गायकी’ लिहिली आणि स्वर एका टोकाला, लय दुसऱ्या टोकाला ठेवून एकेका घराण्याचा ताळेबंद मांडला. किराणा इकडे, आग्रा तिकडे आणि जयपूर बरोबर मधोमध! आता जयपूरचा शिष्यच तराजू धरून बसला, तर काटा कुठे थांबणार, असं आपण म्हणू शकतो. मी तर म्हणतोच. पण म्हणता येतं, कारण माणसानं ते आपल्या नावानं छापलं होतं. वड्याच्या स्टॉलवरच्या मताला असं उत्तर कसं देणार? दोन घासांत ते संपलेलं असतं.

खरं सगळं ठाऊक असतं ते साथीदाराला. तबलजी महिनाभरात सगळ्यांबरोबर वाजवतो. कोण लयीला पक्का, कोण सम चुकून हसत हसत त्याच्याकडेच बघतो आणि दोष त्याच्या पदरात टाकतो, हे तो मांडीवर ठेका धरून सांगेल. सांभाळून घेणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. गवई घसरला की हा ठेका असा काही सोपा धरतो की रसिकांना पत्ता लागत नाही. तिरखवाँसारखा तबलिया गंधर्वांच्या नाटक कंपनीत पदांना ठेका धरून बसे, तिथे कमीपणा कसला? कमीपणा दिसतो तो आजच्या फलकावर. गवयाचा फोटो पुरुषभर आणि साथीदारांची नावं प्रायोजक ज्वेलर्सच्या खाली.

एकदा विचारून बघा अशा एखाद्या तबलजीला, आजचं गाणं कसं झालं म्हणून. तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग म्हणेल, ‘सगळेच मोठे आहेत हो.’ पाकीट अजून हातात पडायचं असतं.