परिपत्रकानं बाळ छातीशी जात नाही

अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं बांधून ठेवायचं. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, वरून कापड. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. इन्क्युबेटर पुरत नव्हते, गर्दीत जंतुसंसर्ग बळावत होता. यंत्र नको, औषध नको. तरी ही पद्धत वॉर्डावॉर्डांत रुजायला दशकं लागली.

कारण डॉक्टर ती लिहून देतात, करून घेते सिस्टर. बाळाची मान किंचित वर, नाक मोकळं, पाय दुमडलेले, सलाइनची नळी सांभाळलेली. हे स्लाइड पाहून येत नाही. अनुभवी सिस्टर करून दाखवते, नवी तिच्या देखरेखीखाली करते, मग घाबरलेल्या आईला शिकवते. नर्सिंगमध्ये नवी गोष्ट रुजते ती अशी, शेजारी उभं राहून.

नेमकी हीच साखळी आपण तोडतो. नवजात कक्षात तयार झालेली सिस्टर रोटेशनमध्ये सर्जिकल वॉर्डात जाते. कंत्राट संपलं की शिकलेली मुलगी घरी. उरलेलीच्या वाट्याला मॉनिटर, औषधं, रजिस्टरं आणि झेपणार नाहीत इतकी बाळं. ती आईजवळ थांबणार कधी? आणि आईला बसवणार कुठं, बाहेरच्या बाकड्यावर?

भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच कांगारू काळजी दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. तिथं आईचा पलंग अतिदक्षता कक्षातच होता. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं अशा बाळांना रोज ८ ते २४ तास छातीशी ठेवण्याची शिफारस केली.

इतके तास बाकड्यावर निघत नाहीत. म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांनो, पुढचं प्रशिक्षण ठरवण्याआधी तीन कामं करा. नवजात कक्षातल्या सिस्टरांना तिथंच टिकू द्या. नव्या सिस्टरला शिकवण्याचा वेळ त्यांच्या ड्युटीत धरा. आईला आत पलंग द्या. हे जमत नसेल, तर परिपत्रक काढून सिस्टरांकडून खुलासे मागू नका.