पश्चात

पेपर आला की मी आधी निधनवार्ता काढतो, हाताशी कात्री घेऊन. बायको म्हणते, "लोक सकाळी राशिभविष्य बघतात, आमच्याकडं मसणवटा." पण आमची निम्मी वंशावळ त्या कात्रणांतूनच जुळली आहे.

सरकारी वाटही धरून पाहिली. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी धाराशिव जिल्ह्यात घरोघरी पणजोबांचा शोध सुरू झाला, तेव्हा मीही निघालो. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, दप्तर उर्दूत. एका जाणकारानं भिंग लावून एक नाव बराच वेळ न्याहाळलं आणि सांगितलं, "नुक्ते झिजलेत. हे बाबा असतील, नाहीतर नाना."

निधनवार्तेत असा घोळ नसतो. तिची ठेवण ठरलेली : वृद्धापकाळाने, राहत्या घरी, पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, नातवंडे. पण खरी गंमत शेवटच्या ओळीत. 'पंचायत समितीचे माजी सदस्य अमुक यांचे ते चुलते होत.' म्हाताऱ्यानं जन्मभर काळ्या रानात औत हाकलं आणि जाताना ओळख लागली ती पुतण्याच्या खुर्चीवरून! मला मात्र ही ओळ पावते. परंड्याकडची आमची एक अख्खी भावकी अशाच एका माजी सदस्यामुळे सापडली. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही नावं असतात, पण तिथं शोकाकुलांचे गॉगल मध्ये येतात.

सास्तूरकडच्या दोन घरांची कात्रणं माझ्याकडे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात ती घरं माणसांसकट गेली. पश्चात कोण, हे सांगायलाही मागे कुणी उरलं नाही.

आणि बायका? त्या आकड्यात असतात. वंशावळीत पणजीच्या माहेराची चौकट अजून रिकामी आहे. ती चौकट कळंबच्या आत्याला दाखवली, तर आत्या चष्मा शोधत म्हणाली, "बापाच्या बातमीत मी नुसती 'दोन मुली'तली एक व्हते. माज्या येळेला माहेरचं आडनाव घाल. सासरच्यांनी न्हाई दिलं तर तू पैसे भर."

मी मजकूर लिहूनच नेला. वयाची जागा तेवढी कोरी सोडली होती. आत्यानं तो दोनदा वाचला, माहेरची चार नावं वाढवली आणि धाकट्या जावयाचं खोडून टाकलं.