घोट्याचा रुबाब
आल्प्समधल्या बच्चेकंपनीच्या उतारावरही ज्याला धड थांबता येत नाही, तो दुकानात मात्र १३० फ्लेक्सचाच स्की-बूट मागतो. हा कडकपणाचा आकडा कंपनीगणिक बदलतो, पण रुबाबाला त्याचं काय? घोटा पुढे झुकत नाही, स्वारी मागे रेलते आणि स्की आपल्या मर्जीने सुटतात. दुसरा पंथ आरामवाद्यांचा: दोन साइझ मोठा बूट, आत दोन जाड लोकरी मोजे. टाच आत पिंगा घालते. खरं तर मोजा एकच, तोही पातळ. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरावीत. पण ते कळायला बकल लावून दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. एवढा वेळ कुणाला? बुटाचा रंग जॅकेटला जुळतो की नाही, तेही बघायचं असतं.